गोंदियाचे डोंगरतलाव : पाहावे कसे?

दिवाळीची सुटी लागली की नागपूर, रायपूर आणि बालाघाटकडच्या गाड्या कोहमाऱ्याच्या फाट्यावरून नवेगावबांधच्या रस्त्याला वळू लागतात. हा ओघ होळीपर्यंत चालतो. कोणी तिरोड्याकडून बोदलकसा आणि चोरखमाऱ्याला जातात, कोणी नागझिऱ्यात मुक्काम करतात, कोणी गोठणगावजवळचे इटियाडोह धरण पाहून प्रतापगडावर जाऊन येतात. पाहुण्यांची अपेक्षा साधी असते. डोंगर, पाणी, थोडी शांतता, मुलांसाठी होडी आणि नशिबात असतील तर पक्षी. त्यात गैर काहीच नाही. वर्षभर शहरात राहणाऱ्या माणसाला चार दिवस पाण्याकाठी बसावेसे वाटणे ही निरोगी इच्छा आहे.

पण पाळीवर उभे राहून बहुतेक जण एकच वाक्य बोलतात : ‘काय निसर्ग आहे!’ या एका वाक्यात तलावाचा अर्धा इतिहास पुसला जातो. गोंदिया जिल्ह्यातले हे देखणे तलाव निसर्गाने आयते दिलेले नाहीत. ते माणसांनी बांधले, धानासाठी बांधले आणि पिढ्यान्‌पिढ्या राखले. आज आपल्याला जे सौंदर्य दिसते ते त्या राखणीचे फळ आहे. हे लक्षात घेतले तर तलाव पाहण्याची रीत बदलते, आणि पर्यटनाच्या नावाखाली तलावाचे काय करावे व काय करू नये, याचाही उलगडा होतो. या लेखाचा विषय तेवढाच आहे.

निसर्गाचा तलाव आणि माणसाचा तलाव

डोंगरातला तलाव म्हटले की आपल्यासमोर नैनिताल उभे राहते, किंवा चित्रात पाहिलेले इंग्लंडमधले विंडरमियर. नैनितालचा तलाव भूगर्भातील हालचालींमुळे तयार झाला. विंडरमियरची लांबट दरी हिमनदीने कोरली आणि बर्फ वितळल्यावर तिच्यात पाणी साठले. महाराष्ट्रात हिमनद्या नव्हत्या, आणि आपल्याकडचे मोठे नैसर्गिक सरोवर म्हणून नाव घ्यावे असे लोणारच. ते उल्केच्या आघाताने झाले. बाकी ज्या तलावांवर आपण सहली काढतो त्यांतले बहुतेक बांधलेले आहेत. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव सातारच्या छत्रपतींनी १८४२ मध्ये बांधून घेतला. आज तिथे होडीत बसणाऱ्या हजारोंपैकी किती जणांना हे ठाऊक असेल?

गोंदिया-भंडाऱ्याकडे ही गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर घडली. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा झाला. ‘तलावांचा जिल्हा’ ही ओळख दोघांनी वाटून घेतली. पूर्व विदर्भात अशा जुन्या तलावांची संख्या सहा हजारांहून अधिक भरते आणि एकट्या गोंदिया जिल्ह्यात ते हजाराहून जास्त आहेत. त्यांत गावाशेजारची एकरभराची बोडीही येते आणि नवेगावबांधसारखा सुमारे ११ चौरस किलोमीटरचा जलाशयही येतो.

हे तलाव बांधणाऱ्यांत सर्वांत मोठे नाव कोहळी समाजाचे. चांद्याच्या गोंड राजांनी त्यांना काशीकडून आणले, अशी परंपरागत कथा आहे. जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन द्यावी, असा राजांचा रिवाज होता, असेही सांगतात. कथेतला इतिहास किती हे बाजूला ठेवले, तरी कोहळ्यांचे कसब प्रत्यक्ष पाळीत दिसते. धान आणि ऊस ही त्यांची पिके, आणि दोन्ही पाण्यावाचून होत नाहीत. नवेगावचा तलाव कोलू पाटील कोहळी याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला, अशी नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये आहे. तलावाभोवतीच्या सात डोंगरांना ‘सात बहिणी’ म्हणतात. बांध घालताना या बहिणींनी कोलूला मदत केली, असे लोक मानतात. कोलू पाटील पुढे कोलासुर देव झाला आणि त्याची पूजा सुरू झाली. अभियंत्याला देव करणारी गावे जगात फार नसतील.

सात बहिणींची मदत म्हणजे काय?

ही दंतकथा मला नेहमीच मोठी शास्त्रशुद्ध वाटत आली आहे. बहिणींनी खरोखरच मदत केली आहे.

पश्चिम महाराष्ट्रात काळ्या बसाल्टचे आडवे थर आहेत. गोंदियाच्या दक्षिण भागातली जमीन तशी नाही. इथे फार प्राचीन, दाबाने आणि उष्णतेने रूप पालटलेले खडक आहेत. त्यातले कठीण खडक झिजायला नाखूष, म्हणून त्यांच्या लांबट टेकड्या आणि रांगा उभ्या राहिल्या. मऊ खडक झिजून त्यांच्या मधे सपाट खोलगट जमीन तयार झाली. डोंगर उंच नाहीत, पण ते खोलगट जमिनीला चहूबाजूंनी कवेत घेतात आणि मधेमधे अरुंद खिंडी सोडतात. पावसाचे सारे पाणी त्या खिंडींतूनच बाहेर पडते.

जुन्या बांधणाऱ्याने ही खिंड हेरली. डोंगर आयतेच उभे होते, फक्त खिंड बुजवायची होती. त्यामुळे थोडक्या लांबीच्या मातीच्या पाळीने अफाट पाणी अडवता आले. सपाट मैदानात एवढे पाणी साठवायचे तर मैलोन्‌मैल बांध घालावा लागला असता. सात बहिणींनी मदत केली ती अशी. त्या तलावाच्या भिंती झाल्या. आणि डोंगर पाण्यात उतरलेले दिसतात, म्हणून आपल्याला तो तलाव निसर्गनिर्मित वाटतो. बांधणाऱ्याने डोंगराचा उपयोग इतका चपखल केला की त्याचे स्वतःचे काम नजरेआड झाले.

पाळीच्या बरोबरीने आणखी दोन गोष्टी पाहुण्याने शोधून पाहाव्यात. पहिली सलंग, म्हणजे जादा पाणी वाहून जाण्यासाठी एका बाजूला, बहुधा खडकाळ जागी, ठेवलेली वाट. मराठी पुस्तकात तिला सांडवा म्हणतात. मातीच्या पाळीवरून पाणी गेले की पाळ वाहून जाते, म्हणून सलंगाची उंची ठरवणे हे बांधणाऱ्याच्या अकलेचे खरे काम. दुसरी तुडूम, म्हणजे पाळीच्या पोटातून शेताकडे पाणी सोडण्याची सोय. जुन्या तुडुमात वेगवेगळ्या उंचीवर भोके असत. पाणी जसे उतरेल तसे खालचे भोक उघडायचे. त्यामुळे नेहमी वरवरचे, ऊन लागलेले पाणी शेतात जाई. आज बहुतेक ठिकाणी त्या जागी लोखंडी गेट आले आहेत. मोठ्या तलावाच्या सलंगावरून निघालेले पाणी खालच्या बोडीत, तिथून पुढच्या तलावात, असे गावागावांतून साखळीने जाते. त्यामुळे एका तलावात केलेला बदल तिथेच थांबत नाही.

बोदलकसा आणि चोरखमारा हे तिरोडा तालुक्यातले तलाव याच विद्येचे पुढचे रूप आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडले. त्यानंतर नेमलेल्या १९०१–०३ च्या सिंचन आयोगाने या भागात तलावांवर भर देण्याची शिफारस केली. विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात सरकारी पाटबंधारे खात्याने हे दोन्ही तलाव बांधले. आखणी इंग्रज सरकारच्या अभियंत्यांची होती, तरी जागा निवडण्याचे तत्त्व कोलू पाटलाचेच : डोंगराच्या कुशीतली खिंड.

सूप कसे असते ते आठवा

असा तलाव आतून कसा असतो हे समजायला घरातले सूप आठवावे. सुपाला मागे उभी कड असते आणि पुढचे तोंड सपाट, उघडे असते. सूप मागे कलते धरून त्यात पाणी ओतले तर मागच्या कडेशी ते खोल राहील आणि तोंडाकडे पातळ होत जाईल. बांधलेला तलाव नेमका असा असतो. मागची कड म्हणजे पाळ. पुढचे तोंड म्हणजे ज्या बाजूने ओढे-नाले येतात तो उथळ, पसरट भाग.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली जिवाशी गाठ घालणारी आहे. लोकांना वाटते, काठाजवळ पाणी उथळ असणार आणि मध्यभागी खोल. पाळीच्या तलावात हा हिशेब उलटा आहे. सर्वांत खोल पाणी पाळीला लागूनच असते. पाळीच्या दगडांवर शेवाळ असते, उतार तीव्र असतो आणि तुडुमाचे किंवा गेटचे तोंड उघडे असेल तर तिथे पाण्याला ओढ असते. पाळीवरून पाय घसरला की दुसरे पाऊल टेकायला जागा नसते. नदीत पोहणारी धडधाकट मुलेही अशा जागी फसतात. म्हणून तलावात उतरण्याचा मोह टाळावा, आणि पाळीच्या पाण्याकडच्या उतारावर उभे राहून फोटो काढण्याचा तर अवश्य टाळावा.

दुसरी गोष्ट तलावाच्या जीवनाशी संबंधित आहे. दृश्य पाळीवरून छान दिसते, पण तलाव जगतो तो समोरच्या उथळ काठावर. तिथे उन्ह तळापर्यंत पोचते, म्हणून पाणवनस्पती वाढतात. कमळ, शिंगाडा आणि ऋषिपंचमीच्या उपासाला लागणारे देवधान त्याच पट्ट्यात. त्यांच्या आडोशाने मासे अंडी घालतात. कमळपक्षी तरंगत्या पानांवर चालतो, जांभळ्या पाणकोंबड्या देठ सोलून खातात, अडई बदकांचे थवे दिवसभर तिथे विसावतात. पहिल्या मोठ्या पावसात स्थानिक मासे प्रवाहाविरुद्ध चढून ओढ्यांत आणि धानाच्या बांध्यांत जातात ते याच बाजूने. पाळ ही तलावाची पाठ आहे. आपण पाहुणे बहुधा पाठीवरच उभे राहून परत येतो.

पाण्याचे वर्ष

पर्यटकाला तलाव कायम काठोकाठ भरलेला हवा असतो. तलावाचे स्वतःचे वर्ष मात्र चढ-उताराचे आहे आणि तो चढ-उतार हाच त्याचा प्राण आहे.

मृगापासून पाणी यायला लागते. आषाढ-श्रावणात रोवणी होते, तेव्हा पावसाचेच पाणी पुरते. श्रावण-भाद्रपदात तलाव भरतो, सलंग वाहू लागतो. खरी कसोटी त्यानंतर. हलके धान लवकर निघते, पण भारी धानाला आश्विनात, दाणा भरताना, पाणी हवे असते, आणि नेमका तेव्हा पाऊस पाठ फिरवतो. त्या एका शेवटच्या पाण्यासाठी हे सारे तलाव बांधले गेले. ते मिळाले तर कोठी भरते, चुकले तर उभे पीक पळंज होते. आपण दिवाळीत तलावावर जातो आणि ‘पाणी थोडे उतरलेले दिसते’ म्हणून हळहळतो. ते उतरलेले पाणी बहुतेक वेळा एखाद्या गावाच्या धानाच्या लोंबीत गेलेले असते.

पाणी उतरू लागले की उथळ काठावरची ओली जमीन दिवसागणिक उघडी पडते. किडे, शिंपले, गोगलगायी, कंद हे सारे पक्ष्यांच्या आवाक्यात येते. हिमालयापलीकडून आलेली बदके आणि पट्टकादंब याच वेळी उतरतात. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, मोठी लालसरी यांना पाण्याची वेगवेगळी खोली लागते. कोणी चिखलात चोच घालतो, कोणी बुडी मारतो. हळूहळू उतरणारे पाणी रोज नव्या खोलीचे ताट मांडते. तलाव मे महिन्यापर्यंत काठोकाठ ठेवला तर होड्या चालतील, पण बदकांच्या पंगतीला जागा उरणार नाही. उलट, एकदम उपसून कोरडा केला तरीही ती पंगत मोडते. शेतकऱ्याने बेताने वापरलेले पाणी पक्ष्यालाही मानवते. या तलावांची ही खुबी मला सर्वांत मोलाची वाटते. सिंचन आणि पक्षीजीवन इथे एकमेकांच्या वाटेत न येता शतकानुशतके नांदले.

सारस क्रौंचाचे उदाहरण याहून बोलके आहे. महाराष्ट्रात सारस आज जवळजवळ केवळ गोंदिया आणि लगतच्या भागातच उरला आहे आणि त्याची संख्या काही डझनांपलीकडे नाही. वैनगंगा आणि बाघ नद्यांच्या परिसरात, परसवाडा-झिलमिलीसारख्या तलावांवर तो दिसतो. माणसाच्या उंचीचा हा पक्षी पावसाळ्यात घरटे करतो ते बऱ्याचदा धानाच्या बांधीतच. घरटे शेतकऱ्याच्या जमिनीवर, चरणे तलावाच्या काठावर. म्हणून त्याला वाचवायला कुंपण घातलेले जंगल पुरत नाही. शेतकऱ्याची मर्जी आणि तलावाचा उथळ काठ, दोन्ही लागतात. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसाच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, ती उगाच नाही.

तलाव कोणाचा?

मालगुजारीच्या काळात तलाव मालगुजाराच्या नावे असे, पण गावाचे हक्क लिहून ठेवलेले असत. मध्य प्रांतातल्या जुन्या बंदोबस्ताच्या कागदांत ‘वाजिब-उल-अर्ज’ आणि ‘निस्तार पत्रक’ ही दोन दस्तऐवजांची नावे वारंवार येतात. गावाची वहिवाट त्यांत नोंदवलेली असते : पाणी कोणी आणि कसे घ्यायचे, गुरांना पाणी कुठे पाजायचे, गावाच्या गरजेच्या वस्तू कुठून आणायच्या. माझ्यासारख्या, विद्यापीठाचा शिक्का नसलेल्या माणसाला हे कागद तहसिलीत बसून अक्षर लावत वाचावे लागले. पण त्यांतून एक गोष्ट स्वच्छ दिसते. तलाव हा एकट्याच्या मालकीचा मामला कधीच नव्हता. पाळीची दुरुस्ती, पाटाची सफाई, पाण्याची पाळी ही सर्व कामे ठरलेल्या माणसांनी ठरलेल्या वेळी करायची होती.

१९५० च्या कायद्याने मध्य प्रदेशातली मालगुजारी संपली. पूर्व विदर्भ तेव्हा त्याच राज्यात होता. तलाव सरकारचे झाले आणि कागदोपत्री ‘माजी मालगुजारी’ ठरले. त्याचेच बोलीतले लघुरूप ‘मामा तलाव’. जमीनदारी जाणे योग्यच होते. परंतु मालकाबरोबर राखणीची व्यवस्थाही गेली आणि तिची जागा कोणी घेतली नाही. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे, मासेमारी सहकारी संस्थांकडे, जंगलातले पाणी वन खात्याकडे. सर्वांचा थोडा थोडा आणि म्हणून कोणाचाच पुरा नाही, अशी अनेक तलावांची स्थिती झाली. गाळ साचला, काठावर बेशरमीची झुडपे माजली, लाभक्षेत्राच्या टोकाला पाणी पोचेनासे झाले.

या साऱ्यात ज्यांची पिढ्यान्‌पिढ्या उपजीविका पाण्यावरच आहे तो समाज म्हणजे ढिवर. तलावाच्या तळाची जितकी माहिती त्यांना आहे तितकी कोणत्याही नकाशात नाही. उत्पादन वाढावे म्हणून रोहू, कतला, मृगळ यांचे बीज सोडले गेले, काही ठिकाणी गवत खाणारा ग्रास कार्पही सोडला गेला. त्याने पाणवनस्पती फस्त केल्या. वनस्पती गेल्या तशी स्थानिक माशांची आणि बदकांची जागाही गेली. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि ढिवरांच्या सहकारी संस्था यांनी गेल्या काही वर्षांत उलटा प्रवास सुरू केला. बेशरम मुळासकट उपटायची, उथळ भागाची नांगरट करायची आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावायच्या, असे हे काम आहे. त्यात ढिवर स्त्रियांचा वाटा मोठा आहे. वनस्पती परतल्या की देशी मासळी आणि पक्षीही परततात, असा त्यांचा अनुभव आहे. तलावाची दुरुस्ती पाळीवर जितकी असते तितकीच पाण्याखालीही असते, हे त्यांनी दाखवून दिले.

जंगल आणि तलाव यांचे नाते ज्यांनी मराठी वाचकापर्यंत पोचवले ते मारुती चितमपल्ली. सोलापुरात जन्मलेला हा वनाधिकारी नवेगावबांधला रमला. ‘नवेगावबांधचे दिवस’ या त्यांच्या पुस्तकाने हे गाव महाराष्ट्राला माहीत झाले. तलावाचे आणि पक्ष्यांचे किती तरी धडे आपल्याला नवेगावच्या माधवराव पाटलांकडून मिळाले, हे त्यांनी मोकळेपणाने मांडले आहे. पदवी असलेल्या माणसाने गावच्या माणसाला गुरू मानावे, ही परंपरा या तलावाच्या काठी सुरू झाली. चितमपल्ली १८ जून २०२५ रोजी गेले. ती परंपरा चालू ठेवणे हे आता पाहुण्यांच्याही हातात आहे.

सौंदर्यीकरणाचा धोका

नवेगावचे जंगल १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा आणि कोका यांचे क्षेत्र मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या आतल्या पाण्याला वन्यजीव कायद्याचे छत्र आहे. बाहेरच्या शेकडो तलावांना ते नाही. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी केंद्राने २०१७ मध्ये नवे नियम केले, पण खास सिंचनासाठी बांधलेले मानवनिर्मित जलसाठे त्यांच्या व्याख्येतून वगळले. नागपूरच्या फुटाळा तलावातल्या कारंज्यावरून हाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गंमत अशी की माणसाने बांधलेला नांदूरमध्यमेश्वरचा जलाशय २०२० मध्ये रामसरच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेला. पक्ष्याला तलाव कोणी बांधला याच्याशी कर्तव्य नसते. कायद्याला मात्र आहे.

त्यामुळे ज्या तलावाला कायद्याचे छत्र नाही त्याला दोन टोकांकडून धोका आहे. एकीकडे दुर्लक्ष आणि दुसरीकडे अतिप्रेम. अतिप्रेमाचे सरकारी नाव सौंदर्यीकरण. त्याचा साचा ठरलेला असतो. सभोवार दगडी भिंत, फरशीचा फिरायचा रस्ता, रंगीत दिवे, यांत्रिक होड्या, एखादा पुतळा. शहरातल्या तलावाला हे एक वेळ खपून जाईल. डोंगरतलावाला यातली पहिलीच गोष्ट मारक आहे. उथळ काठावर भिंत घातली की सुपाचे तोंडच बंद झाले. ओढ्यांतून चढणारा मासा अडला, ओल्या जमिनीची पट्टी गेली, गुरांची पाण्यावर यायची वाट मोडली. तलाव तेवढाच मोठा दिसेल, फोटोत अधिक नेटका दिसेल, पण त्याची पाण्याची टाकी झालेली असेल.

गाळ काढण्याचेही तेच. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना शेतकऱ्याच्या सोयीची आहे आणि साठवण वाढवण्यासाठी गाळ काढावाच लागतो. पण यंत्राने तळ सरसकट खोल खणला, उथळ काठही खरवडला, तर उतार नाहीसा होतो. गाळ पाळीच्या बाजूने काढावा, समोरचा उतार राखावा, एवढे पथ्य पाळले तरी शेत आणि पक्षी दोघांचे भागते.

पाहुण्याने काय करावे?

जायचे तर अवश्य जा. पाहुणा आला तर खानावळ चालते, वाटाड्याला काम मिळते, आणि तलावाकडे आपले लक्ष आहे हे गावालाही कळते. फक्त काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहाटे पोचा. उजाडल्यापासूनचे दोन तास पक्ष्यांचे असतात. पाळीवरून सगळा तलाव एकदा नजरेखाली घाला आणि मग स्थानिक वाटाड्या घेऊन, परवानगी असेल तिथे, समोरच्या उथळ बाजूला जा. काठापासून अंतर ठेवून दुर्बिणीने पाहा. थवा उडाला तर तो फोटोसाठी सुंदर दिसतो. त्या बदकाचे मात्र हजारो किलोमीटरच्या परतीच्या प्रवासासाठी साठवलेले बळ त्यात खर्च होत असते. सारसाच्या घरट्याचा ठावठिकाणा कोणाला सांगू नका आणि बांधीच्या आत पाऊल टाकू नका. ते शेत आहे, कोणाच्या तरी घामाचे आहे.

ढिवर बांधवांची जाळी आणि डोंगे यांना हात लावू नये. मासळी विकत घ्यायची तर त्यांच्याकडूनच घ्यावी, आणि मरळ, शिंगी अशी देशी मासळी मिळते का, हे विचारावे. गिऱ्हाईक विचारू लागले की तिला भाव येतो आणि भाव आला की ती टिकते. ध्वनिक्षेपक, ड्रोन, प्लॅस्टिक यांबद्दल मी वेगळे सांगायला नको. मात्र थर्माकोलच्या पत्रावळी पाळीमागे टाकून देणाऱ्या सुशिक्षित मंडळींची कमतरता नाही, म्हणून हेही लिहून ठेवतो.

आणखी एक करावे. गावातल्या कोणाला तरी तीन प्रश्न विचारावेत. सलंग कुठे आहे? या तलावाचे पाणी कोणत्या गावापर्यंत जाते? यंदा शेवटचे पाणी मिळाले का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर हाताने दाखवतील, दुसऱ्याला गावांची नावे सांगतील. तिसऱ्या प्रश्नावर मात्र माणूस थांबतो आणि मग मनापासून बोलू लागतो. त्या उत्तरात त्या वर्षाचा सगळा हिशेब असतो. मुलांना सोबत नेले असेल तर हे प्रश्न त्यांनाच विचारू द्यावेत. पाठ्यपुस्तकातल्या ‘जलसिंचन’ या धड्यापेक्षा ते उत्तर जास्त काळ लक्षात राहील.

सहलीच्या जागा दोन प्रकारच्या असतात. काही जागा पाहून संपतात. काही जागा कोणाच्या तरी रोजच्या जगण्याचा भाग असतात आणि त्यातले सौंदर्य आपल्या वाट्याला उसने आलेले असते. गोंदियाचे डोंगरतलाव दुसऱ्या प्रकारचे आहेत. कोलू पाटलाने खिंड बुजवली तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर पर्यटक नव्हता, आश्विनातले सुकू पाहणारे धान होते. ते धान जोवर या पाण्यावर पिकते आहे, काठावर देवधान उगवते आहे आणि ढिवराचा डोंगा पाण्यात आहे, तोवर पाहुण्यालाही पाहायला काही तरी उरेल.